चिरेखाण किंवा काळ्या दगडाची खाण चालवताय? माणूस मरू नये म्हणून काय काय करायचं

हे लिहितोय ते राजापूर, लांजा, देवगड, कणकवली, कुडाळ या पट्ट्यात चिरेखाण (जांभा दगडाचे चिरे कापून काढायची खाण) चालवणाऱ्यांसाठी, खडी क्रशरवाल्यांसाठी, मुकादमांसाठी, आणि ज्यांनी आपला सडा, म्हणजे जांभ्याचा कातळमाळ, खाणीला भाड्यानं दिलाय आणि स्वतः मुंबईला बसलेत त्यांच्यासाठी पण. मोठ्या कंपनीच्या खाणीत मॅनेजर, फोरमन, मेट अशी सर्टिफिकेटवाली माणसं ठेवावीच लागतात, तिथं काही चुकलं तर निदान विचारणारा कोणीतरी असतो. आपल्या छोट्या खाणीत मालक, मुकादम, दोन मशीन, एक पोकलेन आणि विजापूरकडनं नाहीतर ओडिशातनं आलेले मजूर, झालं. विचारणारा कोणी नसतो म्हणून हे आपलं आपणच बघायचं.

सेफ्टी म्हटलं की पहिल्यांदा सगळे हेल्मेट आणतात, पिवळी जॅकेटं आणतात, फोटो काढतात. आणा, घाला, पण एक लक्षात घ्या, हेल्मेट मुठीएवढ्या दगडापासून वाचवतं, वीस फुटांची भिंत अंगावर आली तर त्याचा काय उपयोग नाही. जांभ्याचा एक घनमीटर म्हणजे दोन टनांच्या आसपास वजन, आणि भिंत सुटते तेव्हा एक घनमीटर नाही सुटत. खाणीत माणूस वाचतो तो खाण कशी खोदली यावर, गाड्या कशा फिरतात यावर, आणि काम थांबवायचा अधिकार कोणाला आहे यावर. टोपी-बूट त्यानंतर. म्हणून मी क्रम पण तसाच घेतलाय.

आधी कायद्याचं, कारण तिथंच गैरसमज जास्त

"चिऱ्याला माइन्स ॲक्ट लागत नाही" हे वाक्य आपल्याकडे खूप फिरतं. अर्धवट खरं आहे. १९५२ च्या माइन्स ॲक्टमध्ये (आता तो २०२० च्या व्यवसाय सुरक्षा संहितेत घेतलाय) जांभा, मुरूम, वाळू, बांधकामाचा दगड वगैरेंना सूट आहे, पण कधी, तर खोली कुठंही ६ मीटरच्या वर जात नसेल, एका दिवशी ५० पेक्षा जास्त माणसं कामाला नसतील आणि स्फोटकं वापरत नसाल. तिन्ही अटी एकदम पाळल्या तरच सूट, एक मोडली की गेली. आणि ६ मीटर कुठून मोजायचे, तर सगळ्यात उंच कडेपासून सगळ्यात खोल तळापर्यंत. उताराच्या जमिनीवर खाण असेल तर खालच्या बाजूला दहा फूट दिसतं आणि वरच्या बाजूनं मोजलं की पंचवीस निघतं. वीस फूट काय हो, दुसऱ्या-तिसऱ्या सीझनला सहज पार होतात. त्यानंतर तुमची खाण डीजीएमएसच्या, म्हणजे धनबादला मुख्यालय असलेल्या खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या नियमात येते. तहसीलदाराकडे गौण खनिजाची रॉयल्टी भरली, ब्रासचा पास काढला, म्हणजे हे काम झालं असं नाही, ते खातं वेगळं. आणि सूट असली तरी १८ वर्षांखालच्या पोराला खाणीत कामाला लावता येत नाहीच, "सुट्टीत आलाय, बापाला मदत करतो" हे पण नाही.

अजून दोन आकडे लिहून ठेवा. हद्दीपासून ७.५ मीटर सोडायचे, आणि सार्वजनिक रस्ता, घर, रेल्वे यांच्यापासून ४५ मीटरच्या आत परवानगीशिवाय खोदायचं नाही. शेजाऱ्याच्या बांधाला चिकटून खोदणं हा फक्त भांडणाचा विषय नाही, त्याच्या आंब्याच्या कलमाच्या मुळातलं पाणी तुमच्या भिंतीत येतं.

भिंत

आता मुख्य विषय. आपला सडा वरून टणक दिसतो, कुऱ्हाड मारली तर ठिणगी उडेल असा. पण हे कवच वरच्या काही फुटांचंच असतं, खाली जावं तसा जांभा मऊ होत जातो आणि त्याच्या खाली पिवळी-पांढरी चिकणमाती लागते, काळा दगड त्याच्याही खाली. जांभ्याला भोकं असतात, पावसाचं पाणी त्यातनं सरळ खाली उतरतं आणि चिकणमातीवर येऊन थांबतं, कारण माती पाणी पुढं जाऊ देत नाही. म्हणजे वर दोन टन घनमीटरचा टणक थर आणि त्याच्या बुडाशी बुळबुळीत ओल, ओल्या साबणावर फरशी ठेवल्यासारखं. त्यामुळं तळाला पिवळी माती दिसायला लागली की "अजून एक थर निघेल" म्हणून खाली जाणं बंद करा. एक थर निघेल पण वरची सगळी भिंत पायाशिवाय राहील.

मशीन आल्यापासून भिंती एकदम सरळ कापल्या जातात, बघायला छान वाटतं, फोटोला पण छान, आणि तोच प्रॉब्लेम आहे. नियम काय म्हणतो, तर माती, मुरूम असल्या भुसभुशीत थरात उतार ४५ अंशांपेक्षा जास्त उभा नको, नाहीतर पायऱ्या काढा, पायरीची उंची १.५ मीटरच्या वर नको आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नको. टणक थरात पण पायऱ्या किंवा उतार हवाच. आता जांभा टणक धरायचा का भुसभुशीत यावर लोक वाद घालतात, माझं मत सांगतो, जिथं माणूस मशीनच्या मागून पहारीनं चिरा उचकटतो आणि हातानं उचलून वाहतो तिथं एक पायरी तीन मीटरच्या वर घेऊ नका, आणि तेवढीच रुंदी मागं सोडा. सगळ्यात वरची माती आणि खडे आधी पोकलेननं मागं ओढून घ्यायचे, ते भिंतीच्या डोक्यावर ठेवायचे नाहीत.

मालक म्हणणार पायऱ्या सोडल्या तर चिरा वाया जातो. जात नाही. आतल्या बाजूच्या पायरीतला चिरा पुढच्या सीझनला खाण त्या अंगाला वाढली की सुटतोच. फक्त हद्दीच्या बाजूचा कायमचा अडकतो, तो अडकू दे, भाव काढतानाच तो धरायचा नाही.

कडेपासून तीन मीटरच्या आत झाड, सुटा दगड, मातीचा ढीग काही ठेवायचं नाही, हा पण नियमातलाच आकडा आहे. आपल्याकडे नेमकं कडेवरच डबर, म्हणजे टाकाऊ दगड-माती, टाकतात, मोडके चिरे तिथंच रचतात आणि ट्रक पण तिथंच लावतात म्हणजे भरायला सोपं. भरलेला ट्रक कडेवर उभा राहून थरथरतोय आणि खाली माणसं वाकून चिरे उचलतायत हे चित्र दिसलं की आधी ट्रक हलवा, मग बाकीचं बोला.

बुडातनं कोरायचं नाही. तळाला चांगला घट्ट चिरा लागला की मोह होतो, आत दीड-दोन फूट कोरून काढतात आणि वर छज्जा तयार होतो. हा छज्जा आठवडाभर टिकतो, महिनाभर टिकतो, त्यामुळं लोकांना वाटतं टिकतोच. तो पडतो तेव्हा कोणाला सांगून पडत नाही.

आणि अजून एक गोष्ट, जी कुठल्या नियमाच्या पुस्तकात ठळक लिहिलेली नसते. एप्रिल-मेमध्ये सड्यावर सावली कुठं असते? भिंतीच्या बुडाशी. दुपारी जेवायला, पडायला सगळे तिथंच जातात. काम करताना माणूस निदान वर बघतो, कान देतो, पण झोपलेला माणूस काय बघणार. त्यामुळं पहिला खर्च करायचा तो झापांच्या (माडाच्या विणलेल्या झावळ्यांच्या) मांडवाचा, भिंतीच्या उंचीच्या दीडपट तरी लांब, त्यात पाण्याचा पिंप आणि बसायला जागा. फार खर्चाचं काम नाही. मजुरांच्या झोपड्या पण कडेच्या वर किंवा भिंतीच्या खाली नकोत, रात्रीचं पोर उठून चालत जातं.

सकाळची फेरी

माणसं खाली उतरायच्या आधी मुकादमानं आधी वरून फिरायचं, मग खालून. वरून काय बघायचं तर कडेला समांतर गेलेली भेग, अगदी बोट जाईल एवढी जरी असली तरी. काल होती का, आज रुंद झाली का हे कळायला भेगेच्या दोन्ही बाजूंना चुन्यानं खूण करा आणि टेपनं मोजून वहीत लिहा. झाड कलंडलंय का, जमीन बसलीय का. खालून काय बघायचं तर भिंतीतनं ओल नवीन कुठं आली, बारीक खडे सुटून पडलेत का, पडतायत का. बारीक खडे टपटपायला लागले म्हणजे काम बंद, माणसं बाहेर, त्यावर चर्चा नाही. सुटे दगड दिसले तर पहारीनं वरून पाडायचे, खालून नाही, आणि पाडणाऱ्याच्या कमरेला दोर, दोर मागं पक्क्या खुंटाला बांधलेला. पाडेपर्यंत खाली कोणी नको. हे सगळं वीस-पंचवीस मिनिटांचं काम आहे.

पण खरी अडचण वेगळीच असते. मुकादमाला आणि मजुराला पैसे चिऱ्यामागं मिळतात. भिंत बिघडलीय म्हणून अर्धा दिवस काम बंद ठेवलं तर त्याचीच मजुरी बुडते, मग तो कशाला सांगेल भेग दिसली म्हणून? गप बसतो आणि "होतंय ते होतंय" म्हणत उतरतो. त्यामुळं सीझनच्या आधीच सगळ्यांसमोर ठरवून टाका, मुकादमानं सेफ्टीसाठी काम बंद केलं तर त्या दिवसाची हजेरी मालक देणार, वाद नाही घालणार, फोनवरून "अरे काय होत नाय, चालू कर" असं सांगणार नाही. हे एक केलं नाही तर वरचं सगळं वाचून काही फायदा नाही, अगदी स्पष्ट सांगतो. आणि मुकादमच नाही, कुठल्याही मजुराला बाहेर यावंसं वाटलं तर त्यानं यायचं, त्याची टिंगल करायची नाही.

मजूर नवीन असेल तर पहिले काही दिवस त्याला भिंतीजवळ लावू नका. खाणकामगाराला ट्रेनिंग द्यायचे १९६६ चे वेगळे नियम आहेत, ते मोठ्या खाणी पाळतात, पण छोट्या खाणीत पण निदान अर्धा दिवस त्याच्याबरोबर फिरून हात करून दाखवा, इथनं पळायचं, इथं बसायचं नाही, हा भोंगा वाजला की काय करायचं. मराठीत "सावधान" लिहिलेला बोर्ड कन्नड किंवा उडिया माणसाला काय कळणार. त्यांच्यातलाच कोणी जुना माणूस गाठून त्याच्याकडून सांगून घ्या.

सीझन सुरू होतानाचे आठ दिवस

हे वेगळं लिहितोय कारण इथं जास्त लोक फसतात. चार महिने तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस खाऊन भिंत फुगलेली असते, खाणीत पाणी भरलेलं असतं. ऑक्टोबरात ऊन पडलं की मालकाला घाई, दोन मोठे पंप लावून दोन दिवसांत खाण कोरडी करायची. असं करू नका. खाणीतलं पाणी भिंतीला समोरून दाब देऊन धरून असतं आणि भिंतीच्या आतलं पाणी तेवढ्या वेगानं बाहेर येत नाही. समोरचं पाणी झटकन काढलं की आतलं पाणी भिंतीला बाहेर ढकलतं. हळूहळू उपसा, रोज थोडी पातळी कमी करा, मध्ये थांबून भिंत बघा, आणि पाणी संपल्यावर पण चार-पाच दिवस कोणाला खाली सोडू नका. परतीचा पाऊस आला तर ते दिवस परत पहिल्यापासून मोजायला लागा.

गाड्या

रिव्हर्स घेताना मागं क्लीनर सापडला, हे सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं. रिव्हर्स हॉर्न चालू हवा, तुटला तर गाडी खाणीत घ्यायची नाही. इशारा करणारा माणूस एकच, तीनजण ओरडले की ड्रायव्हर कोणाचंच ऐकत नाही, आणि तो माणूस ड्रायव्हरला आरशात दिसेल असा बाजूला उभा हवा, गाडीच्या मागं नाही. माणूस आरशातनं गेला की ब्रेक, हे ड्रायव्हरला पाठ करून घ्या.

खाली उतरायच्या रस्त्याचा चढ साधारण १६ मीटरला १ मीटर असा नियमात धरतात, छोट्या रॅम्पला १० ला १. आपल्या खाणीतले रस्ते त्याच्या दुप्पट उभे असतात, भरलेला ट्रक अर्ध्यावर थांबतो, क्लीनर चाकाला चिरा लावायला धावतो, आणि तिथंच घात होतो. लाकडाचे पाचर गाडीतच ठेवा, आणि चढ कमी करायला एक दिवस पोकलेन लावा. रस्त्याच्या दरीकडच्या बाजूला मातीचा बांध, निदान डंपरच्या चाकाएवढा उंच, नुसते चुना फासलेले दगड लावून होत नाही.

टिपरचा हौदा वर करून खाली काम करायचं असेल तर आधाराला लोखंडी प्रॉप, हायड्रॉलिकवर विश्वास ठेवून कोणी आत शिरायचं नाही. आणि हौदा वर करताना डोक्यावर ११ केव्हीची लाइन आहे का बघा. तार चिकटलीच तर ड्रायव्हरनं केबिनमध्येच बसून राहायचं, लाइन बंद करून घेईपर्यंत. गाडीनं पेटच घेतला तर दोन्ही पाय जुळवून बाहेर उडी, गाडीला आणि जमिनीला एकदम हात-पाय लागता कामा नये, मग पाय जुळवूनच छोट्या उड्या मारत लांब. बाहेरच्यांनी धावत जवळ जायचं नाही.

चिऱ्याच्या लोडवर बसून मजूर बाजाराला जातात. बंद करा. करूळ, फोंडा, आंबोली, कुठलाही घाट बघा, गाडी कलंडली की वरचा माणूस चिऱ्यांच्या खाली असतो.

करंट, वीज, धूळ

चिरा कापायचं मशीन, लांब केबल, पाणी आणि अनवाणी माणूस हे एकत्र आलं की काय सांगायचं. मेनला ३० मिलिॲम्पिअरचा अर्थ लीकेज ब्रेकर बसवा आणि दर सोमवारी त्याचं टेस्ट बटण दाबून बघा. केबलचे जोड टेपनं गुंडाळून ओल्यात टाकायचे नाहीत, केबल खुंट्यांवरनं न्या, गाडीच्या वाटेत नको. मशीन हलवताना आणि ब्लेड बदलताना मेन बंद, हँडल काढून त्याच माणसाच्या खिशात. अजून एक, सड्यावर अर्थिंग उन्हाळ्यात नावापुरतं उरतं कारण जांभा कोरडा ठणठणीत होतो, त्या खड्ड्यात कोळसा-मीठ घालून रोज पाणी ओता, तपासून घ्या.

आभाळातल्या विजेचं कोणी मनावर घेत नाही. मे महिन्यात वळीव आणि ऑक्टोबरातला पाऊस, दोन्ही वेळा विजा, आणि सड्यावर आसपास सगळ्यात उंच काय, तर पोकलेनचा हात आणि उभा माणूस. वीज चमकली आणि तीस सेकंदांच्या आत गडगडलं की काम बंद, पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद केलेल्या गाडीत, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच परत. झाडाखाली नाही, पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये पण नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप मुकादमाच्या फोनवर टाकून द्या.

काळ्या दगडावर ड्रिल मारताना पाणी मारून मारा, धुळीनं फुप्फुसं जातात, तो माणूस खाणीत नाही मरत, दहा वर्षांनी गावाकडं मरतो म्हणून कोणी मोजत नाही.

सुरुंग आणि क्रशर

स्फोटकं वापरणाऱ्यांनी लायसन, ब्लास्टरचं सर्टिफिकेट हे आहेच, ते नसेल तर पुढं वाचूच नका. जिलेटीन आणि डिटोनेटर एका गाडीत एकत्र नाही. २०२१ च्या जानेवारीत शिवमोग्याजवळ हुणसोडूला क्रशरपाशी जिलेटीन घेऊन आलेली गाडीच उडाली होती, कित्येक किलोमीटर हादरा बसला.

सुरुंगाच्या वेळी सगळीकडून ५०० मीटर मोकळं धरा. आपल्याकडे ५०० मीटरच्या आत हमखास काय असतं, तर काजूच्या बागा, आंब्याची कलमं, गुराखी आणि पाणंदीची वाट. नुसता भोंगा वाजवून भागत नाही. एप्रिलमध्ये झेला (आंबे काढायची जाळीवाली काठी) घेऊन कलमावर चढलेल्या माणसाला भोंगा ऐकू येतो पण उतरून लांब जायला वेळ लागतो. त्यामुळं प्रत्येक वाटेवर लाल झेंडा घेऊन एकेक माणूस, सगळ्यांचा "मोकळं" असा निरोप आल्यावरच बत्ती. वेळ रोज ठरलेली ठेवा आणि ती गावात सांगून ठेवा. मोठे धोंडे फोडायला वरून छोटे सुरुंग मारतात त्यानं दगड सगळ्यात लांब उडतो, त्याऐवजी पोकलेनला दगड फोडायचा ब्रेकर लावा, डिझेल जाईल थोडं. ढग गडगडत असताना भोकं भरायची नाहीत.

सुरुंग उडाला नाही तर तो उकरायचा नाही. वातीचा असेल तर निदान ३० मिनिटं कोणी जवळ जायचं नाही. मग त्याच्यापासून किमान ३० सेंटिमीटर लांब, त्याला समांतर दुसरं भोक मारून तो काढायचा, आणि हे ब्लास्टरनंच. उडालेल्या भोकाचा खड्डा उरला असेल तर "अर्धं काम झालंय" म्हणून परत तिथंच ड्रिल लावायचं नाही, बुडात न उडालेलं जिलेटीन असू शकतं.

क्रशरवर एकच नियम पाळला तरी बरेच वाचतील, पट्टा चालू असताना हात आणि फावडं पुलीजवळ नाही. मागची पुली जाळीनं बंद करा, पट्ट्याच्या कडेनं, ओढली की पट्टा बंद होईल अशी दोरी लावा, गमछा-पदर खोचून. हॉपर (दगड ओतायचं तोंड) चोक झाला तर मेन बंद करून कुलूप, किल्ली आत उतरणाऱ्याच्या खिशात, आणि त्याला दोर बांधून वर दुसरा माणूस.

पावसाळ्यात बंद खाण

जूनमध्ये खाण बंद झाली म्हणजे धोका संपला असं वाटतं. भरलेल्या चिरेखाणीत पोरं पोहायला जातात, गुरं पडतात. नदीला काठाकडनं उतार असतो, खाणीला नसतो, पहिल्याच पावलाला वीस-तीस फूट आणि बाहेर यायला भिंत गुळगुळीत. त्यामुळं बंद करताना चारी बाजूंनी काटेरी तार किंवा चिऱ्याचं गडग्यासारखं कुंपण, आत यायच्या रस्त्यावर आडवा चर, आणि एका बाजूला बाहेर चढता येईल असा उतार काढून ठेवा, एक दोर आणि हवा भरलेली ट्यूब खुंटाला बांधून. शाळेत जाऊन हेडमास्तरांना पण सांगा.

वरच्या बाजूचं पाणी खाणीत येऊ नये म्हणून कडेपासून मागं चर खणा. मातीच्या ढिगाऱ्याखाली, उताराच्या बाजूला वाडी असेल तर तो ढीग मेमध्येच हलवा. २०२१ च्या जुलैत दोडामार्गात कळण्याच्या खाणीचं पाणी बांध फोडून खाली आलं आणि चिखल घराशेतात शिरला, ते आठवत असेल सगळ्यांना.

तरीही झालंच तर

पहिलं काम माणसं मोजणं. हजेरीची वही काढा, कोण आत कोण बाहेर. दुसरं, धावत जाऊन हातानं उकरायला लागायचं नाही, भिंत एकदा सुटली की मागचा भाग थोड्या वेळानं येतो आणि सोडवायला गेलेले पण जातात. एक माणूस फक्त भिंतीकडं बघत उभा ठेवा, त्यानं शिट्टी मारली की सगळे मागं. पोकलेननं लांबून वरचा ढीग कमी करा, पण माणूस जिथं असेल तिथं बकेट नाही, फावडी आणि हात. तोंड-छाती आधी मोकळी करा. पाय बराच वेळ दबलेला असेल तर तो एकदम सोडवून स्कूटरवर बसवून न्यायचं नाही, माणूस बोलत असतो आणि वजन निघाल्यावर थोड्या वेळानं कोसळतो, १०८ वाल्या डॉक्टरला किती वेळ दबला होता हे सांगून त्यांच्या सांगण्यानं सोडवा. रक्त वाहत असेल तर जखमेवर कापड घट्ट दाबून धरा, सोडून सोडून बघू नका.

१०८ ला फोन करताना सड्याचा पत्ता सांगता येत नाही हा नेहमीचा घोळ. खाणीचं गुगल लोकेशन, जवळच्या मेन रोडवरचा फाटा आणि तिथं कोण उभा राहणार हे आत्ताच एका पुठ्ठ्यावर लिहून मांडवात टांगा. नेटवर्क खाली खाणीत नसतं, कुठं उभं राहिलं की रेंज येते ते पण लिहा. तालुक्याच्या रुग्णालयातनं पुढं रत्नागिरी, कोल्हापूर नाहीतर गोव्यात बांबोळीला पाठवतात, त्या वाटेवर तासन्तास जातात, म्हणून स्ट्रेचर आणि प्रथमोपचाराची पेटी खाणीवरच हवी, मालकाच्या घरी नाही.

मृत्यू झाला तर पोलिसांना आणि कायदा लागू असलेल्या खाणीत डीजीएमएसला लगेच कळवायचं. आणि जागा हलवायची नाही. माणूस काढायला किंवा पुढचा धोका टाळायला जेवढं लागेल तेवढंच हलवता येतं, बाकी इन्स्पेक्टर येईपर्यंत तसंच, ते आले नाहीत तर ७२ तासांनी काम सुरू करता येतं. रातोरात भिंत पाडून उतार करणारे, पायऱ्या काढणारे असतात, ते स्वतःच्याच गळ्यात फास घालून घेतात.

मजूर कॉन्ट्रॅक्टरचे आहेत असं सांगून मालकाला भरपाईतून सुटता येत नाही. त्यामुळं प्रत्येकाचं पूर्ण नाव, गाव, तालुका, घरच्या एका माणसाचा फोन आणि आधारची झेरॉक्स कामावर घेतल्या दिवशीच वहीत. "राजू, विजापूर" एवढ्यावर माणूस सहा महिने राबतो आणि काही झालं की त्याच्या बायकोचं नाव पण कोणाला माहीत नसतं, मग भरपाई मंजूर झाली तरी द्यायची कोणाला? ही वही मुकादमाकडं ठेवा, आणि दर महिन्याला नवीन आलेल्यांची नावं त्यात चढली का ते मालकानं स्वतः बघून सही करा.